देवनागरी वर्णसंकेतन आणि जावा: एक ऐतिहासिक टिपण

पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसून ज्यांनी जुने कागद चाळले आहेत, त्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. रुमाल सोडून कागद हाती घेतला की मजकूर लगेच वाचता येत नाही. हा कागद कोणत्या लिपीत आहे आणि कोणत्या वळणाचा आहे, हे आधी ठरवावे लागते. कागद मोडी असून वाचणारा त्यात बालबोध अक्षरे शोधू लागला, तर शाई डोळ्यांपुढे असूनही अर्थ हाती लागत नाही. लिहिणाऱ्या कारकुनाने कागदाच्या माथ्यावर 'ही मोडी आहे' अशी सूचना लिहून ठेवलेली नसते. ती त्याला अनावश्यक वाटली, कारण त्याच्या काळी ती सर्वांस ठाऊक होती.

संगणकातील मजकुराची स्थिती याहून निराळी नाही. तेथे अक्षरे नसतात, अंक असतात. कोणत्या अंकाने कोणते अक्षर समजावयाचे याचा एक करार असतो. या करारास वर्णसंकेतन म्हणावे. व्यवसायातील मंडळी त्यास 'एन्कोडिंग' म्हणतात. करार कोणता, हे त्या अंकांत कोठेही लिहिलेले नसते. ते स्वतंत्रपणे सांगावे लागते, आणि न सांगितल्यास वाचणारे यंत्र आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे वाचते. जावा या भाषेत लिहिलेल्या वेब-आज्ञावलींमध्ये मराठी अक्षरांची जी दुर्दशा अनेक वर्षे होत आली, तिचे मूळ या न सांगितलेल्या करारात आहे, आणि तो इतिहास पाहण्यास पुण्यासारखे दुसरे योग्य ठिकाण नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुण्याचा या विषयाशी संबंध १९८८ पासूनचा आहे. त्या वर्षी गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, प्रगत संगणन विकास केंद्राची म्हणजे सीडॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली सिद्ध झालेल्या परम-८००० या महासंगणकामुळे या संस्थेचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु मराठी भाषेच्या दृष्टीने पाहता तिचे दुसरे कार्य अधिक दूरगामी ठरले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनी भारतीय लिप्यांसाठी जे तंत्र विकसित केले होते, ते जिस्ट या नावाने पुण्यात आले. वैयक्तिक संगणकात बसविण्याचे जिस्ट-कार्ड ही त्या काळची मोठी सोय होती. मूळ आज्ञावलीस देवनागरीचा गंधही नसला तरी पडद्यावर देवनागरी उमटे.

याच सुमारास भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक संकेत आकारास आला. त्याचे नाव इस्की. त्याचा १९८८ चा पाठ आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारलेला पाठ, हे या इतिहासातील दोन पक्के टप्पे होत. इस्कीची रचना विचारपूर्वक केलेली होती. एका बाइटात मावणाऱ्या २५६ अंकांपैकी पहिल्या अर्ध्या भागात रोमन लिपीचा प्रचलित संकेत जसाच्या तसा ठेवला होता, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांचे वर्ण होते. 'क' कोणत्याही लिपीतला असो, त्याचा अंक एकच. जोडाक्षरांना स्वतंत्र अंक दिले नाहीत. व्यंजन, हलन्त, व्यंजन असा क्रम दिला की जोडाक्षर सिद्ध होई. म्हणजे छापखान्यातील खिळ्यांचा विचार सोडून देऊन वर्णमालेचा विचार स्वीकारला गेला. आचार्यांना नमस्कार करावयाचा की आचाऱ्यांना, हा मराठीतला सनातन प्रश्नही इस्कीने सोडविला होता: दुसऱ्या शब्दातील 'ऱ' हा निराळा वर्ण मानून त्यास स्वतःचा अंक होता.

१९९१ च्या ऑक्टोबरात युनिकोडचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या पाठावरून, बहुतांशी त्याच क्रमाने, घेतलेला आहे. भेद इतकाच की युनिकोडने प्रत्येक लिपीस स्वतंत्र घर दिले. पुढे १९९६ च्या जानेवारीत सन मायक्रोसिस्टिम्सने जावाची पहिली आवृत्ती बाहेर काढली, तेव्हा तिच्यातील वर्णाचा मूळ प्रकारच सोळा बिटांचा, म्हणजे युनिकोडचा, होता. त्या काळच्या प्रचलित भाषांमध्ये वर्ण म्हणजे एक बाइट हे समीकरण रूढ असता, जावाने आरंभापासून देवनागरीस घरात घेतले होते. किंबहुना, चलांची नावे देवनागरीत लिहिली तरी ती भाषा त्यास हरकत घेत नाही. इस्की-९१ चा अर्थ लावण्याची सोयही पुढे जावाच्या संकेतसूचीत आली.

मग बिघडले कोठे? बिघडले ते घरात नव्हे, उंबरठ्यावर. आज्ञावलीच्या आत अक्षर युनिकोडचे असते. पण बाहेरून येताना व बाहेर जाताना ते बाइटांच्या रूपाने प्रवास करते. ब्राउझरमधून सर्व्हरकडे, सर्व्हरमधून डेटाबेसकडे, फाइलमधून आज्ञावलीकडे असे जितके उंबरठे, तितक्या ठिकाणी करार बोलून दाखवावा लागतो. आणि वेबच्या जगात न बोललेला करार हा पश्चिम युरोपचा होता. १९९७ व १९९९ साली लिहिल्या गेलेल्या एचटीटीपीच्या नियमांनुसार, संकेताचे नाव नसलेला मजकूर आयएसओ ८८५९-१ या संकेतातला, म्हणजे लॅटिन-१ मधला, समजावा असे ठरले होते. सर्व्हलेट या जावाच्या वेब-विभागाने तोच नियम उचलला. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांची त्याने सोय झाली. जाता जाता एक नोंद करण्यासारखी आहे: ८८५९ या मालिकेच्या बाराव्या भागात देवनागरी घालण्याचा विचार झाला होता, ते काम १९९७ साली अधिकृतपणे सोडून देण्यात आले. मालिकेत अकराव्या भागानंतर एकदम तेरावा येतो. मधली जागा आजही रिकामी आहे.

या नियमाचा परिणाम एका शब्दावर पाहू. शब्द आपल्या गावाचाच घेऊ. 'पुणे' या नावात प, उकार, ण आणि एकार असे चार वर्णांक आहेत. वेबवर सर्वत्र रूढ झालेला यूटीएफ-८ हा संकेत केन टॉमसन व रॉब पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका खाणावळीत बसून आखला, असे त्यांनीच सांगितले आहे. त्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णांकास तीन बाइट लागतात. तेव्हा पुणे म्हणजे बारा बाइट: २२४, १६४, १७०; २२४, १६५, १२९; २२४, १६४, १६३; २२४, १६५, १३५. हेच अंक लॅटिन-१ च्या चष्म्यातून वाचले तर २२४ चा होतो डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', १६४ चे होते सर्वसाधारण चलनाचे चिन्ह, १६५ चे जपानी येन, आणि 'ण' च्या शेवटच्या १६३ चा होतो ब्रिटिश पौंड. विद्येच्या माहेरघराचे नाव असे सराफ कट्ट्यावर जाऊन बसते! ज्याने कधी मराठी वेबपृष्ठ बिघडलेले पाहिले आहे, त्यास हा तिरकी रेघ असलेला 'ए' आणि ती चलनाची चिन्हे यांची ओळख पटेल.

येथे असा प्रश्न निघेल की, १९९६ पासून जावा आणि १९९१ पासून युनिकोड उपलब्ध असता, ही अडचण पुण्यातील आज्ञावलीकारांच्या ध्यानात फार उशिरा का आली? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण मधल्या काळातील फाँटांत शोधावे लागते. नव्वदीच्या दशकात मराठीचा छापखाना संगणकावर आला तो विशिष्ट फाँटांच्या आधारे. सीडॅकचा इस्फॉक हा फाँट-संकेत, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आणि घरोघर पोहोचलेले शिवाजीसारखे फाँट, या सर्वांत रोमन अक्षरांच्या किंवा लॅटिन चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत: कोठे अर्धा 'क', कोठे काना, कोठे वेलांटी. ही पद्धत छपाईस उत्तम होती. पुण्यातील शेकडो पुस्तके व नियतकालिके तिने छापली, आणि तिचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु यंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. तो निरर्थक लॅटिन होता आणि केवळ फाँटाच्या कृपेने मराठी दिसत होता. असा मजकूर जावाच्या सर्व्हलेटमधून गेला तर लॅटिन-१ च्या नियमात तो बिनबोभाट बसे, आत गेला तसाच बाहेर पडे. त्यामुळे संकेताचे नाव सांगण्याची सवय कोणास लागली नाही, आणि ते सांगावे लागते हेही उमगले नाही. विंडोज २००० व त्यानंतरच्या विंडोज एक्सपीने देवनागरी युनिकोड सर्वसामान्यांच्या टेबलावर आणले, तेव्हा हा पडदा एकाएकी दूर झाला.

त्यातही एक फसवी अवस्था मधे आली. ब्राउझरने यूटीएफ-८ बाइट पाठवावेत, सर्व्हरने ते लॅटिन-१ म्हणून वाचावेत, तसेच डेटाबेसात ठेवावेत, आणि परत देताना पुन्हा लॅटिन-१ म्हणूनच लिहावेत, असे घडले तर दोन चुका एकमेकींस खोडून काढतात आणि पृष्ठावर शुद्ध मराठी दिसते. आज्ञावली 'चालते' असा शेरा मारून ती सुपूर्द होते. वस्तुतः आतील मजकूर भ्रष्टच असतो. 'पुणे' ची लांबी चाराऐवजी बारा भरते. शोध आणि वर्णानुक्रम लागत नाहीत. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जन्म स्वीडनमधला; २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत त्याचा मूळ संकेत लॅटिन-१ व अनुक्रम स्वीडिश रिवाजाचा असे. तेव्हा आपल्याकडील कित्येक याद्या नकळत स्वीडिश पद्धतीने लागल्या असल्या तर आश्चर्य नाही. याहून घातक प्रकार म्हणजे नावे मोठ्या लिपीत करून ठेवण्याची आपल्या कचेऱ्यांतील हौस. रोमन नावांसाठी लिहिलेली ती आज्ञा भ्रष्ट मराठीवर चालली की तिरक्या रेघेचा लहान 'ए' मोठा होतो, म्हणजे २२४ चा १९२ होतो. यूटीएफ-८ मध्ये १९२ या बाइटास कोठेही स्थान नाही. तेथून पुढे ते नाव दोन चुकांच्या जोरावरही परत येत नाही.

हानीचे दोन प्रकार या ठिकाणी वेगळे केले पाहिजेत. पहिल्या प्रकारात बाइट शाबूत असतात, वाचन चुकलेले असते. लॅटिन-१ मध्ये २५६ ही अंकांना जागा असल्यामुळे मजकूर उलट पावली बाइटांत नेऊन यूटीएफ-८ म्हणून पुन्हा वाचला की तो सुधारतो. दुसऱ्या प्रकारात खऱ्या देवनागरी वर्णाला लॅटिन-१ मध्ये लिहिण्याचा हुकूम होतो. तेथे त्यास जागाच नसते, म्हणून जावा त्या जागी प्रश्नचिन्ह लिहिते. 'पुणे' ची चार प्रश्नचिन्हे होतात, 'ज्ञानेश्वर' ची दहा. असे प्रश्नचिन्ह डेटाबेसात साठले की मूळ नावाची केवळ लांबी उरते.

या दोहोंच्या मधे एक तिसरा प्रकार आहे. विंडोजवर जावाचा मूळ संकेत पुष्कळदा विंडोज-१२५२ हा असे. तो लॅटिन-१ चा जुळा भाऊ दिसतो, पण त्यात १२९, १४१, १४३, १४४ व १५७ या पाच अंकांना कोणतेच अक्षर नेमलेले नाही. जावा या अंकांच्या जागी 'अज्ञात' असे एक चिन्ह ठेवते आणि मूळ अंक विसरते. देवनागरीच्या यूटीएफ-८ रूपात हे अंक कोठे येतात ते पाहू गेल्यास मन खिन्न होते. १२९ हा उकाराचा शेवटचा बाइट आहे, १४१ हलन्ताचा, १४३ व १४४ अनुक्रमे 'ए' व 'ऐ' चा, १५७ 'झ' चा. म्हणजे या वाटेने गेलेल्या मराठी मजकुरातील उकार आणि हलन्त जातात. 'माझे' मधला 'झ' जातो, 'एक' मधला 'ए' जातो, आणि जोडाक्षर मुळी एकही उरत नाही. 'पुणे' चा उकार तर जातोच. 'नाशिक', 'सातारा', 'नागपूर' ही नावे मात्र सहीसलामत परत मिळतात. त्यामुळे तपासणाऱ्याने सातारा घालून पाहिले तर दुरुस्ती झाली असे वाटते, आणि पुणे घालून पाहिले तर नाही.

उपाय एकदम सापडले नाहीत. ते एकेका उंबरठ्यावर, एकेका वर्षी आले. सर्व्हलेटच्या २००१ च्या २.३ या आवृत्तीत 'सेट-कॅरेक्टर-एन्कोडिंग' ही आज्ञा आली, तिने आलेल्या फॉर्मचा संकेत आज्ञावलीकारास सांगता येऊ लागला. मात्र ती फॉर्ममधील पहिले मूल्य वाचण्यापूर्वी दिली पाहिजे. एकदा वाचन झाले की नंतर दिलेली आज्ञा वाया जाते, आणि ती वाया गेली असे कोणी सांगतही नाही. त्याच आवृत्तीत आलेल्या 'फिल्टर' मुळे ही आज्ञा सर्वांत पुढे ठेवता येऊ लागली, तथापि अनेक फिल्टरांत तिचा क्रम पहिला असावा लागतो. पत्त्याच्या ओळीतून येणारा मजकूर या आज्ञेस जुमानत नसे: अपाची टॉमकॅटमध्ये त्यासाठी सर्व्हरच्याच मांडणीत, कनेक्टरच्या नोंदीवर, 'यूआरआय-एन्कोडिंग' वेगळे लिहावे लागे. शोधाच्या चौकटीत मराठी शब्द घातला की काही सापडत नाही, आणि तोच शब्द फॉर्मने पाठविला की सापडतो, या कोड्याचे उत्तर येथे होते. २०१४ साली आलेल्या टॉमकॅटच्या आठव्या आवृत्तीपासून येथेही यूटीएफ-८ हाच मूळ रिवाज झाला. त्याच वर्षी एचटीटीपीच्या नव्या नियमांतून लॅटिन-१ चे ते जुने कलम काढून टाकण्यात आले.

पृष्ठावरील सूचनांचे मराठी भाषांतर ज्या गुणधर्म-फाइलींत ठेवावयाचे, त्याही लॅटिन-१ मध्येच असाव्यात असा दंडक होता. म्हणून प्रत्येक मराठी अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहावा लागे, आणि फाइल उघडणाऱ्यास एकही मराठी शब्द दिसत नसे. ज्या भाषेत चलांची नावे देवनागरीत चालतात, त्याच भाषेत ही गत असावी हा विनोदच म्हटला पाहिजे. २०१७ च्या नवव्या आवृत्तीने तो दंडक उठविला. त्याच वर्षी सर्व्हलेटच्या चौथ्या आवृत्तीत संपूर्ण आज्ञावलीचा संकेत मांडणीच्या फाइलीत एकदाच जाहीर करण्याची सोय झाली. शेवटी, यंत्रागणिक बदलणारा जावाचा मूळ संकेत २०२२ च्या मार्चमध्ये, अठराव्या आवृत्तीत, सर्वत्र यूटीएफ-८ करण्यात आला. भाषेच्या जन्मापासून सव्वीस वर्षे तोवर लोटली होती.

डेटाबेसच्या उंबरठ्यावर आणखी एक हिशेब आड येतो, तो लांबीचा. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी वेगळे सांगितले नाही तर बाइटांत मोजली जाते. नावासाठी तीस ही लांबी ठेवणाऱ्याच्या मनात तीस अक्षरे असतात. 'ज्ञानेश्वर' वाचताना अक्षरे चार, वर्णांक दहा आणि यूटीएफ-८ बाइट तीस. नाव काठोकाठ बसते. 'ज्ञानेश्वरी' चा एक ईकार वाढला की तेहतीस होतात आणि नोंद नाकारली जाते. इस्कीत हीच दोन नावे दहा व अकरा बाइटांत बसत असत. जुन्या मांडणीवर वाढलेल्या पिढीस लांबीचा हा प्रश्न का सुचला नाही, हे यावरून कळते.

हा सर्व इतिहास देवनागरीपुरता आता मागे पडत चालला आहे. परंतु ज्या मोडीपासून आपण आरंभ केला, तिची पाळी आता आली आहे. मोडी लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ च्या जूनमध्ये, सातव्या आवृत्तीत, आणि तेही पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या पलीकडे. सोळा बिटांचा जावाचा वर्ण तेथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मोडीचे एक अक्षर जावात दोन वर्णांची जोडी होऊन राहते, त्याची लांबी दोन भरते, आणि मजकूर निष्काळजीपणे तोडला तर अक्षराचे दोन तुकडे होतात. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत अशा जोड्या हाताळण्याच्या आज्ञा आल्या आहेत, पण त्या वापराव्या लागतात. यूटीएफ-८ मध्ये मोडीच्या वर्णांकास तीनऐवजी चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये जो संकेत 'यूटीएफ-८' या नावाने दीर्घकाळ चालत आला, तो प्रत्यक्षात तीन बाइटांपर्यंतच जाणारा होता. देवनागरी त्यात सुखाने मावली, म्हणून आपल्याकडे ती उणीव कोणास जाणवली नाही. चार बाइटांचा 'यूटीएफ-८-एमबी-४' हा संकेत २०१० साली आला आणि पुढे सर्वत्र रूढ झाला, तो मोडीसाठी नव्हे, तर मोबाइलवरील हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांसाठी. तीन बाइटांच्या जुन्या रकान्यात मोडी मजकूर घातल्यास कडक शिस्तीचा सर्व्हर नोंद नाकारतो. शिस्त सैल असेल तर पहिल्या चार बाइटांच्या अक्षरापासून पुढचे सारे गाळून तो उरलेले मुकाट्याने साठवितो. पेशवाईतील पत्राच्या माथ्यावर 'श्री' असते. तेव्हा अशा रकान्यात उतरविलेले मोडी पत्र साठते ते अगदी कोरे.